पोळ्या कुठं मिळतात हो?

टेम्पोतलं शेवटचं खोकं वर चढलं, हमाल पैसे मोजून घेऊन गेले आणि घरात एकदम शांतता पसरली. जून २०१८ मधली गोष्ट. कराडमधलं अठरा वर्षांचं बिऱ्हाड आवरून आम्ही बदलापूरला आलो होतो. यजमानांची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत. परवडेल असं आणि जरा मोकळी हवा असलेलं घर मिळालं ते पुढच्या स्टेशनवर, बदलापूर पूर्वेला. घरात सगळं होतं. कपाट होतं, फ्रीज होता, सासूबाईंचं देवघर तर सगळ्यात आधी लागलं होतं. नव्हता तो फक्त गॅस! कराडला सिलिंडर जमा करून बदलीचा कागद आणला होता, पण इथल्या एजन्सीत उत्तर मिळालं, "आठवडा तरी लागेल बाई."

दुपारचे दोन वाजून गेलेले. लेक भुकेनं चिडलेली. सासूबाई काहीच बोलत नव्हत्या आणि त्यांचं न बोलणंच मला जास्त टोचत होतं. मी पिशवी घेऊन खाली उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नाही! दोन्ही बाजूंना इमारती, खिडक्यांना वाळत घातलेले कपडे, एक बंद मेडिकल आणि झाडाखाली झोपलेला रिक्षावाला. 'एकदम शांत एरिया' असं एजंटनं कौतुकानं सांगितलं होतं, ते आठवलं. शांततेनं पोट थोडंच भरतं?

शेवटी वॉचमनकाकांनाच विचारलं, "काका, इथं पोळ्या कुठं मिळतात हो?"

त्यांनी आमच्याच सोसायटीच्या मागच्या विंगकडे बोट दाखवलं. तळमजल्यावरच्या एका खिडकीला पुठ्ठा बांधलेला होता, 'पोळी-भाजी मिळेल.' आत तिघी जणी. एक मळतेय, एक लाटतेय, एक भाजतेय. भाजणाऱ्या ताईंनी मान वर करून पाहिलं. "नव्या आलात का? कितव्या मजल्यावर?" पंधरा पोळ्या आणि मटकीची उसळ बांधून दिली. वर एका डब्यात वरण दिलं. पैसे विचारले तर म्हणाल्या, "वरणाचे राहू द्या. आज पहिला दिवस ना तुमचा!"

सासूबाईंनी आयुष्यात विकतची पोळी खाल्ली नव्हती. त्यांनी आधी पोळी उलटसुलट करून पाहिली, मग पदर सुटतो का ते पाहिलं. "घडीची आहे," एवढंच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं हळूच, "अजून एक वाढ."

उपनगराचं घड्याळ

मैत्रिणींनो, आपल्या छोट्या गावात भूक लागली तर कुठं जायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. एसटी स्टँडसमोरचं भेळेचं दुकान, बाजारपेठेतली मिसळ, आठवडी बाजारातली गरम भजी. सगळं पायाखालचं. नव्या उपनगरात असा पेठेचा मध्यच नसतो. जे असतं ते स्टेशनच्या आसपास आणि तेही लोकलच्या वेळापत्रकावर चालतं.

बदलापूर मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर, अंबरनाथ आणि वांगणीच्या मधे. मुंबईच्या सीएसएमटीला लोकलनं पोचायला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे नोकरीवाली बाई पहाटे घर सोडणार आणि दिवेलागण उलटल्यावर परतणार. म्हणून इथं पहाटे स्टेशनबाहेर चहा, पोहे, उपमा, इडलीची गर्दी. दिवसभर सामसूम. आणि संध्याकाळी सहा-सातनंतर वडापावच्या गाड्या, चायनीजच्या गाड्या आणि पोळी-भाजी केंद्रांसमोर पर्सवाल्या बायकांची रांग. मी दुपारी दोनला जेवण शोधायला निघाले, चूक माझीच होती!

गॅस यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी जे शिकले, ते तुमच्या लेकी-सुनांनाही उपयोगी पडेल. कल्याण, डोंबिवली, बदलापूर, नाहीतर पुण्याच्या कडेला कुणी ना कुणी राहायला जातंच आहे.

सकाळच्या नाश्त्याला आणि बाईनं एकटीनं बसून खायला सगळ्यात सोयीचं ते उडुपी हॉटेल. तिथं एकट्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, पाणी न मागता मिळतं, आणि इडली-सांबार गरमच येतं. मी कराडात कधी एकटी हॉटेलात बसले नव्हते. इथं बँकेच्या कामाला गेले असताना पहिल्यांदा बसले. आधी पाच मिनिटं उगाच पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. मग डोसा आला आणि पर्स विसरले.

वडापाव घ्यायचा तर तळण सतत चालू असलेल्या गाडीवर. मिसळ सकाळीच, रस्सा नवा असतो. खानावळीत जायचं तर दुपारी एकच्या आत, कारण भाजी संपली की तिथं डाळीत पाणी वाढतं, हा माझा अनुभव. रविवारी कुटुंबासह जायचं असेल तर बारवी धरणाच्या रस्त्याला ढाबे आहेत. मात्र पावसाळी रविवारी तिथं गाड्यांची एवढी गर्दी होते की जेवणापेक्षा वाट पाहण्यातच वेळ जातो.

आणि एक जागा अशी, जिथं बसायला खुर्ची नाही की पाटी नाही. पहिल्या पावसानंतर स्टेशनजवळ आजूबाजूच्या वाड्यांवरच्या ठाकर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. मी गेले तेव्हा शेवळांच्या जुड्या होत्या. लांब, जांभळट-तपकिरी. मला काय करायचं ते ठाऊक नव्हतं, तरी घेतल्या. नशीब, वाटेत पोळीवाल्या ताई भेटल्या! "नुसत्या शिजवाल तर घसा खाजेल. परत जा आणि काकडं मागा." काकडं म्हणजे हिरवी आंबट फळं, शेवळांबरोबरच विकायला असतात. त्या संध्याकाळी गॅस नव्हता म्हणून ताईंच्याच शेगडीवर आमची शेवळांची भाजी झाली. निवडायची कशी, पिवळा भाग काढून का टाकायचा, सगळं त्यांनी दाखवलं. नव्या गावातली माझी पहिली ओळख ती.

एक सही

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. पण सांगितलं नाही तर हा लेख नुसता खाण्याचा होईल.

२०१९ च्या मार्चमध्ये सोसायटीतले दोघे जण एक कागद घेऊन दारात आले. "वहिनी, सोसायटीत धंदे चालतात, बाहेरची माणसं येतात, शांतता राहत नाही. सगळ्यांच्या सह्या घेतोय." माझा हात पिठाचा होता, दूध उतू जात होतं. मी कागद न वाचता सही केली. बचत गटाच्या बायकांना गेली दहा वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले आहे, 'वाचल्याशिवाय सही करायची नाही.' आणि स्वतः मात्र केली!

चार दिवसांनी पोळ्या घ्यायला गेले. ताई नेहमीसारख्या हसल्या नाहीत. पोळ्या मोजून दिल्या आणि म्हणाल्या, "तुमचीही सही आहे त्यात, वहिनी." कागद त्यांच्या पोळीच्या खिडकीविरुद्ध होता. दुसरं कुणी धंदा करणारं सोसायटीत नव्हतंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचे यजमान आजारपणामुळे घरी बसलेले, दोन मुलं शिकणारी, आणि त्यांच्याबरोबरच्या दोघींचीही घरं त्याच शेगडीवर. हे सगळं मला माहीत होतं. नऊ दिवस त्यांनी मला जेवू घातलं होतं. आणि मी?

मला गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवल्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणारे हजारो कामगार गावाकडं कुटुंब ठेवून एकटे राहत. त्यांना जेवू घालायच्या त्या चाळीतल्या बायका, आपल्या एका खोलीत, आपल्याच चुलीवर. पैसे महिनाअखेरीस मिळायचे, आणि तोवर किराणा उधारीवर, भरमसाट व्याजानं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणलं, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराच्या दारातून त्यांना बँकेच्या दारात नेलं. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव बदलत गेलं, गिरण्यांच्या जागी टॉवर आले. कामगारांची पुढची पिढी परवडेल तिथं, कल्याण-बदलापूरकडं सरकत आली. आणि त्यांच्यापाठोपाठ खानावळवाल्या बायकाही आल्या. फक्त आता त्यांना 'पोळी-भाजी केंद्र' म्हणतात, आणि त्यांचं गिऱ्हाईक गिरणीतला पुरुष नसून लोकलमधून दमून उतरलेली बाई आहे.

दुसऱ्या दिवशी मी समितीला पत्र दिलं, 'मी माझी सही मागे घेते.' आमच्या मजल्यावरच्या आणखी तिघींनी दिलं. मग बैठक झाली. तक्रार करणाऱ्यांचंही सगळंच चूक होतं असं नाही, हेही सांगायला हवं. तळमजल्यावर चार-चार सिलिंडर ठेवणं धोक्याचंच होतं. दुचाक्या वाटेत लागायच्या. वरच्या घरात दिवसभर धूर आणि फोडणीचा ठसका जायचा, त्या घरात तान्हं बाळ होतं. मी म्हटलं, हे सगळं ताईंशी बोलून सुटलं असतं, त्यासाठी पाठीमागून सह्या कशाला? पण शेवटी घर हे राहण्यासाठी आहे, धंद्यासाठी नाही, यावरच बैठक अडली. ताईंना तीन महिन्यांची मुदत मिळाली.

गाळा शोधायला मीही फिरले. स्टेशनच्या वाटेवर दहा बाय दहाचा एक गाळा मिळाला. अनामत रक्कम मोठी होती. थोडी ताईंच्या दागिन्यांतून आली, थोडी आमच्या नव्या बचत गटातून. भाड्यामुळे पोळी एक रुपयानं महागली. पूर्वी मुलं शाळेतून आली की आईच्या डोळ्यांसमोर असायची, आता ती कुलूप उघडून एकटी घरात शिरतात. तीन महिन्यांनी ताईंना गाळा मिळाला आणि सोसायटीला तिची शांतता. पण हिशोब बरोबरीत सुटला असं मला आजही वाटत नाही.

२७ जुलै २०१९

गाळा सुरू होऊन महिना झाला आणि तो पाऊस आला. उल्हास नदीला पूर आला, बदलापूर पश्चिमेला सखल भागात घरांत पाणी शिरलं. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि २७ जुलैला हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज नव्हती, दूध नव्हतं, भाजी नव्हती.

ताईंचा गाळा मात्र उघडा होता. मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या चालल्या होत्या. एका मोठ्या पातेल्यात खिचडी, ती पश्चिमेकडच्या लोकांसाठी तरुण मुलं डबे भरून नेत होती. आणि रांगेत आमच्याच सोसायटीतली माणसं उभी होती. कागद घेऊन दारात आलेले दोघेही होते. कुणी काही बोललं नाही. ताईंनीही नाही. नेहमीसारख्या पोळ्या मोजल्या, आणि त्या दोघांतल्या एकाला विचारलं, "बाळाला मऊ खिचडी देऊ का थोडी?" धुराचा त्रास व्हायचा तो वरच्या घरातला बाळ, त्यांचाच.

जाता जाता

तर, नव्या ठिकाणी राहायला जाणार असाल, किंवा लेकीला पाठवणार असाल, तर एवढं करा. घर बघायला जाल तेव्हा एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठला जा, म्हणजे तिथं काय उघडं असतं ते कळेल. गॅसच्या बदलीचे कागद महिनाभर आधीच हातात घ्या. पहिला प्रश्न वॉचमनला विचारा, दुसरा रिक्षावाल्याला, आणि तिसरा लोकलमधून उतरणाऱ्या एखाद्या बाईला. ती रोज जिथून नेते, तिथलं अन्न चांगलंच असणार. पाण्याचं पिंप झाकलेलं आहे का, पीठ मळणारीचे हात कसे आहेत, तेल काळं झालंय का, हे डोळ्यांनी बघा. अन्नसुरक्षेची नोंदणी छोट्या व्यावसायिकालाही लागते आणि तिचा चौदा आकडी नंबर असतो. तुमच्या ओळखीची कुणी असा व्यवसाय करत असेल, तर तिला ती करायला मदत करा. उद्या कुणी बोट दाखवलं, तर तो कागद तिच्या बाजूनं उभा राहतो.

आता तुमच्याही गावाबाहेर कॉलन्या झाल्या आहेत. 'शांत, निवासी' अशी त्यांची जाहिरात असते. तिथंही कुणीतरी नवी बाई दुपारी दोन वाजता रिकामी पिशवी घेऊन खाली उतरेल आणि विचारेल, "पोळ्या कुठं मिळतात हो?" तिला बोट दाखवता येईल अशी एक तरी खिडकी तिथं उघडी राहू द्या.

आणि हो, दारात कुणी कागद घेऊन आलं, तर दूध उतू गेलं तरी चालेल. आधी वाचा!