विश्लेषण : अमेरिकेत औषधे इतकी महाग का, आणि विमा असूनही रुग्ण कर्जबाजारी का होतात?

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लागला. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला हे औषध मिळावे, या भावनेने शोधकर्त्यांनी जानेवारी १९२३ मध्ये आपले पेटंटहक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले. पुढे इन्सुलिनचे सुधारित प्रकार आले. त्यांपैकी एलाय लिली कंपनीचे ‘ह्युमालॉग’ १९९६ मध्ये अमेरिकी बाजारात आले, तेव्हा एका कुपीची किंमत २१ डॉलर होती. २०१९ पर्यंत त्याच कुपीची किंमत सुमारे २७५ डॉलरवर पोहोचली. कुपीतील औषध मात्र तेच होते.

या वाढीचा परिणाम रुग्णांच्या शरीरावर दिसू लागला. येल विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दर चार रुग्णांपैकी एकाने खर्च परवडत नसल्याने इन्सुलिन कमी मात्रेत घेतल्याचे आढळले. ज्यांनी औषध घेतले आणि पैसे भरू शकले नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांची नावे वसुली संस्थांच्या वह्यांत गेली.

औषधांच्या किमती आणि वैद्यकीय कर्ज हे अमेरिकी राजकारणात दोन वेगळे वाद म्हणून चर्चिले जातात. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेत औषधाची आणि उपचाराची एक ‘कागदावरची किंमत’ असते. मोठे ग्राहक ती कधीच देत नाहीत. परंतु ज्याच्याकडे घासाघीस करण्याची ताकद नाही, त्याच्याकडून हिशेब तिच्याच आधारे होतो.

एका औषधाच्या अनेक किमती

भारतात औषधाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि अत्यावश्यक औषधांच्या किमतीवर सरकारी प्राधिकरण मर्यादा घालते. अमेरिकेत अशी छापील किंमत नसते. उत्पादक कंपनी एक सूचीमूल्य जाहीर करते. त्यातून मध्यस्थांना दिलेली सवलत वजा जाता कंपनीच्या हाती वेगळीच रक्कम पडते. रुग्णाला दुकानात किती पैसे मोजावे लागतील, हे त्याच्या विम्याच्या अटींवर ठरते.

या व्यवहाराच्या मध्यभागी ‘फार्मसी बेनिफिट मॅनेजर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत. कोणत्या औषधाला विम्याचे संरक्षण मिळेल याची यादी त्या विमा कंपन्यांच्या वतीने तयार करतात. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तीन कंपन्यांच्या हातून देशातील सुमारे ८० टक्के औषधचिठ्ठ्यांचे व्यवहार होतात. यादीत मानाचे स्थान मिळावे म्हणून औषध कंपन्या त्यांना सूचीमूल्याच्या प्रमाणात परतावा देतात. सूचीमूल्य जितके चढे, तितका मोठा परतावा देता येतो. परिणामी किंमत वाढवण्यातच दोन्ही बाजूंचा लाभ, अशी उफराटी स्थिती निर्माण होते.

एलाय लिलीने २०१९ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, आधीच्या पाच वर्षांत ह्युमालॉगचे सूचीमूल्य ५२ टक्क्यांनी वाढले. कंपनीच्या हाती पडणारी रक्कम मात्र सुमारे ८ टक्क्यांनी घटली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०२४ मध्ये इन्सुलिनच्या किमतींवरून या तिन्ही मध्यस्थ कंपन्यांविरुद्ध कारवाई सुरू केली. कंपन्यांनी आरोप फेटाळले असून, आपण परताव्याद्वारे खर्च कमीच करतो, असा त्यांचा दावा आहे.

कागदावरची पूर्ण किंमत मग कोणाला बसते? प्रथम, ज्यांच्याकडे विमाच नाही अशा सुमारे २ कोटी ७० लाख लोकांना. दुसरे, विमा असलेल्यांनाही. अमेरिकी विम्यात ‘डिडक्टिबल’ नावाची अट असते. हप्ता नियमित भरूनही वर्षाच्या प्रारंभीचा ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च विमाधारकाने स्वतःच करायचा असतो. नोकरीतून मिळणाऱ्या वैयक्तिक विम्यात ही रक्कम २०२४ मध्ये सरासरी १,७८७ डॉलर होती. ती भरून होईपर्यंत औषधाचे मोल बहुधा सूचीमूल्याच्या आधारे मोजले जाते. नवे वर्ष उजाडले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

पेटंटांची तटबंदी

रँड या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये अमेरिकेतील औषधांच्या किमती अन्य ३३ विकसित देशांच्या तुलनेत सरासरी २.७८ पट होत्या. केवळ पेटंटधारी नाममुद्रांकित औषधे घेतली, तर हे प्रमाण चौपटीहून अधिक होते. याच अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली : नाममुद्रा नसलेली जेनेरिक औषधे अमेरिकेत इतर देशांपेक्षा स्वस्त आहेत. म्हणजेच स्पर्धा जेथे आहे तेथे किमती उतरतात. जेथे ती रोखली जाते तेथे त्या चढतात.

स्पर्धा रोखण्याचे ठळक उदाहरण म्हणून संधिवातावरील ‘ह्युमिरा’ या औषधाकडे बोट दाखवले जाते. त्याचे मूळ पेटंट २०१६ मध्ये संपले. परंतु ॲबव्ही कंपनीने त्याभोवती शंभराहून अधिक पेटंटांची तटबंदी उभारली होती. युरोपात या औषधाला २०१८ मध्ये स्पर्धक मिळाले, अमेरिकेत त्यासाठी जानेवारी २०२३ उजाडावे लागले. भारताच्या पेटंट कायद्यातील कलम ३ (ड) अशा लांबणीलाच आळा घालते. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ‘ग्लिव्हेक’ या कर्करोगावरील औषधासाठी नोव्हार्टिसने मागितलेले पेटंट नाकारले होते.

दुसरे कारण धोरणात आहे. बहुतेक विकसित देशांत सरकार किंवा सार्वजनिक विमा यंत्रणा कंपन्यांशी थेट वाटाघाटी करते. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना आहे. २००३ मध्ये तिच्यात औषधखर्चाचा समावेश करताना, सरकारला किमतींच्या वाटाघाटीत हस्तक्षेप करता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच करण्यात आली. जगातील सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एकाने आपले हात स्वतःच बांधून घेतले.

बिल ते वसुली

औषधे हा या प्रश्नाचा एक भाग आहे. २०२३ मध्ये अमेरिकेचा एकूण आरोग्यखर्च ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या १७.६ टक्के होता. दुकानातून घेतल्या जाणाऱ्या औषधांचा त्यातील वाटा सुमारे ९ टक्के. कर्जाचा मोठा भार रुग्णालये, तातडीचे उपचार आणि तपासण्या यांतून येतो.

किंमत ठरण्याची रीत तेथेही तीच आहे. प्रत्येक रुग्णालयाचे स्वतःचे दरपत्रक असते. मोठ्या विमा कंपन्या त्यावर घसघशीत सूट मिळवतात. विमा नसलेल्या रुग्णापुढे मूळ दरपत्रकानुसार बिल येऊ शकते. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला, त्याची ऐपत न पाहता, तपासून स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. हा कायदा उपचाराची हमी देतो. त्यानंतर येणाऱ्या बिलाविषयी तो काही सांगत नाही.

आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ आणि पीटरसन सेंटर या संस्थांच्या विश्लेषणानुसार, सुमारे २ कोटी प्रौढांवर मिळून किमान २२,००० कोटी डॉलरचे वैद्यकीय कर्ज आहे. त्यांपैकी सुमारे ३० लाख लोकांची थकबाकी प्रत्येकी १०,००० डॉलरहून अधिक आहे. क्रेडिट कार्डावर चढवलेली बिले आणि आप्तांकडून घेतलेली उसनवारी धरली, तर ही संख्या अनेक पटींनी वाढते. कर्जदारांमध्ये विमाधारकांची संख्या मोठी आहे, ही यातील सर्वाधिक बोलकी बाब. २०२५ मध्ये कायद्याने ठरवलेली वार्षिक खर्चमर्यादाच एका व्यक्तीसाठी ९,२०० आणि कुटुंबासाठी १८,४०० डॉलर होती. मासिक हप्ता याव्यतिरिक्त.

थकलेले बिल वसुली संस्थेकडे जाते. काही ठिकाणी रुग्णावर दावे दाखल होतात आणि वेतनातून रक्कम कापली जाते. पतनोंदीत थकबाकी दिसल्यास घरकर्ज मिळणे, प्रसंगी भाड्याचे घर मिळणेही अवघड होते. धर्मादाय रुग्णालयांना गरीब रुग्णांसाठी सवलतीचे धोरण ठेवणे २०१० च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. मात्र सवलतीसाठी अर्ज करावा लागतो, आणि अशी सोय आहे हेच अनेकांना ठाऊक नसते.

कायद्याने काय साधले?

ऑगस्ट २०२२ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. त्यानुसार मेडिकेअरच्या लाभार्थ्यांसाठी इन्सुलिनचा खर्च महिन्याला ३५ डॉलरपुरता मर्यादित झाला. २०२५ पासून त्यांच्या औषधखर्चावर वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा आली. सरकारला निवडक औषधांसाठी वाटाघाटीचा अधिकारही मिळाला. पहिल्या दहा औषधांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मधुमेहावरील ‘जानुव्हिया’चे महिनाभराचे सूचीमूल्य ५२७ डॉलर होते, वाटाघाटीनंतर ते ११३ डॉलरवर आले.

ही सोय प्रामुख्याने ज्येष्ठांपुरती आहे. खासगी विमाधारकांनाही ३५ डॉलरची मर्यादा लागू करण्याची तरतूद सिनेटमध्ये आवश्यक ६० मते न मिळाल्याने गळाली.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र पुढे जे घडले ते उद्बोधक आहे. मार्च २०२३ मध्ये एलाय लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सनोफी या तिन्ही कंपन्यांनी प्रमुख इन्सुलिनांच्या सूचीमूल्यात ७० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक कपात जाहीर केली. जनमताचा रेटा होताच. पण कायद्याचा एक बदलही कारणीभूत होता. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेला कंपन्यांनी द्यावयाच्या परताव्यावरील कमाल मर्यादा जानेवारी २०२४ पासून उठणार होती. महागाईपेक्षा वेगाने किंमत वाढवलेल्या औषधावर कंपनीला किमतीहून अधिक परतावा द्यावा लागला असता. चढे सूचीमूल्य तोट्याचे ठरताच ते खाली आले.

संशोधनाचा प्रश्न

औषध कंपन्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. नवे औषध शोधताना बहुसंख्य प्रयत्न वाया जातात. यशस्वी औषधाच्या कमाईतून त्या अपयशांचाही खर्च भरून निघतो, आणि ही कमाई मुख्यत्वे अमेरिकेत होते. किमती सक्तीने उतरवल्यास भावी औषधांना मुकावे लागेल, असे त्या म्हणतात. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२२ च्या कायद्यामुळे तीस वर्षांत अपेक्षित १,३०० नव्या औषधांपैकी सुमारे १३ औषधे बाजारात येणार नाहीत, असा अंदाज वर्तवला. उद्योगाच्या मते हानी याहून मोठी असेल.

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी वेगळा मार्ग धरला. अन्य श्रीमंत देशांना मिळणारी किमान किंमत अमेरिकेलाही मिळावी, असा आदेश त्यांनी मे २०२५ मध्ये काढला. सप्टेंबरअखेरीस फायझरने या दिशेने पहिला करार केला आणि त्यापाठोपाठ अन्य कंपन्याही पुढे आल्या.

कर्ज फेडावे की टाळावे?

कर्जाच्या बाजूनेही प्रयत्न झाले. ‘अनड्यू मेडिकल डेट’ ही सेवाभावी संस्था जुनी थकबाकी कवडीमोलाने विकत घेऊन माफ करते. अशी माफी मिळालेल्या सुमारे ८३ हजार लोकांवरील अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आर्थिक किंवा मानसिक स्थितीत सरासरी लक्षणीय सुधारणा आढळली नाही. वर्षानुवर्षे थकलेले कर्ज माफ होईपर्यंत जे नुकसान व्हायचे ते होऊन गेलेले असते, असे यातून सूचित होते.

नॉर्थ कॅरोलिना राज्याने म्हणूनच बिलाच्या टप्प्यावर उपाय केला. जुनी थकबाकी माफ करणाऱ्या, आणि यापुढे अल्पउत्पन्न रुग्णांना बिलातच सवलत देणाऱ्या रुग्णालयांना वाढीव सरकारी निधी देऊ केला. २०२४ मध्ये सर्व ९९ पात्र रुग्णालयांनी ही योजना स्वीकारली.

राष्ट्रीय पातळीवर मात्र वारे उलट दिशेने वाहत आहेत. पतनोंदीतून वैद्यकीय कर्ज वगळण्याचा जानेवारी २०२५ मधील नियम टेक्सासमधील संघीय न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केला. त्याच महिन्यात मंजूर झालेल्या खर्चकपातीच्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील, असा अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

भारताचा संबंध

या वादाकडे भारताला त्रयस्थपणे पाहता येणार नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील दर दहा औषधचिठ्ठ्यांपैकी सुमारे चार भारतीय कंपन्यांच्या औषधांनी भरल्या गेल्या. गोव्यातील कारखान्यांपासून हैदराबादपर्यंतच्या उद्योगाची अमेरिका ही सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ आहे. तेथील स्वस्त औषधांचा आधार येथे आहे; अमेरिकी रुग्णाला घायकुतीला आणणारी महागाई मुख्यतः पेटंटधारी औषधांची आहे. मुलांना भेटायला अमेरिकेत जाणाऱ्या आईवडिलांसाठीही हा विषय व्यवहाराचा ठरतो. प्रवासविम्यात आधीपासूनचे आजार अनेकदा वगळलेले असतात, आणि अशा वेळी समोर येणारे बिल दरपत्रकातील पूर्ण रकमेचे असू शकते.

किमती उतरवणारे कायदे आणि थकबाकी माफ करणाऱ्या योजना यांची गरज कोणी नाकारत नाही. परंतु इन्सुलिन आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वीच किंमत खाली आली, तर कर्ज उभेच राहत नाही. कागदावरची किंमत कायम ठेवून मागाहून दिलेला दिलासा कोणाला तरी मिळतो, आणि विम्याच्या बाहेर राहिलेला मात्र पूर्ण रक्कम मोजत राहतो. येत्या काही वर्षांत अशा लोकांची संख्या घटते की वाढते, यावरूनच या साऱ्या सुधारणांचे मोजमाप होईल.