पावणेदहा वाजता कुठे जायचे?

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत, जिल्हा परिषदांत आणि शाळांत ३१ मे हा निरोपाचा दिवस असतो. एकेका कार्यालयात चार-चार, पाच-पाच जणांचा सत्कार एकदमच उरकावा लागतो. आज निवृत्त होणाऱ्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नव्हती. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराचा हात धरून बाप दारात उभा राहायचा, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून दाखल-खारीज रजिस्टरात १ जून ही तारीख टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे सेवापुस्तकात गेली. ज्या महिन्यात ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस, असा राज्य सरकारचा नियम आहे. म्हणून १ जूनवाले सगळे ३१ मेला सुटतात. निवृत्तीची पहिली सकाळ हाच त्यांचा कागदोपत्री वाढदिवस.

शिक्षकांना तर ही निवृत्ती लगेच कळतही नाही. मे महिना सुट्टीचाच असतो, जूनचे पहिले काही दिवसही तसेच जातात. मग महिन्याच्या मध्यावर, विदर्भात आणखी थोड्या दिवसांनी, शाळा उघडते. नव्या दप्तरांची, नव्या छत्र्यांची पोरे रस्त्याने जाऊ लागतात. सवयीने लवकर आंघोळ उरकून, इस्त्रीचे कपडे चढवून बाई किंवा गुरुजी दारात येऊन उभे राहतात, आणि पुढे जायला ठिकाण नसते. खरी निवृत्ती त्या सकाळी सुरू होते.

नोकरीबरोबर पगार जातो, खुर्ची जाते, सही करण्याचा अधिकार जातो. याची कल्पना प्रत्येकाला आधीपासून असते. दिवसाची चौकट जाते, याची मात्र फारशी कुणाला नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून राज्य शासनाची बहुतेक कार्यालये पावणेदहाला उघडतात. कल्याण-बदलापूरकडून येणाऱ्याला या पावणेदहासाठी आठच्या आतली लोकल, त्या लोकलसाठी सातला भरलेला डबा, आणि डब्यासाठी घरात साडेपाचला कुणीतरी उठलेले, अशी ही साखळी. तीस-पस्तीस वर्षे अख्खा दिवस त्या एका आकड्याला टांगलेला असतो. आकडा निखळला की दिवसही खाली येतो. मग दाढी आज करू की उद्या, पेपर आत्ता वाचू की दुपारी, असे होता होता पायजम्यावरच संध्याकाळ होते.

मोकळ्या वेळेचे माणसावर काय परिणाम होतात, याचा एक जुना आणि फार बोलका अभ्यास ऑस्ट्रियात झाला होता. व्हिएन्नाजवळचे मारिएन्थाल हे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव एकाच कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि बहुतेक घरांतली माणसे एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तिथे मुक्काम ठोकला आणि १९३३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीआड घड्याळ घेऊन बसून त्यांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत चालत होते, पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका मात्र झपझप जात होत्या, कारण घरी चूल, धुणे आणि मुले वाट पाहत होती. पुरुषांना दिवसाचा तपशील लिहायला सांगितला, तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे अनेकांना काही आठवेना. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट गावच्या वाचनालयातली आहे. लोकांकडे वेळच वेळ होता, पुस्तकांची वर्गणीही माफ केली होती, तरी दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

बेकारी आणि निवृत्ती एक नव्हे. निवृत्ताच्या खात्यात एक तारखेला पेन्शन जमा होते, गावात मान असतो, पोराबाळांची लग्ने झालेली असतात. अर्थात पेन्शनचीही सगळीकडे सारखी कथा नाही. साखर कारखान्यातले कामगार, एसटीतले कर्मचारी ईपीएस-९५ योजनेत येतात, आणि तिथले किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिन्याला हजार रुपये ठरले. ज्याला त्यात भागवायचे आहे, त्याची दिनचर्या पुन्हा पोटापाण्याच्या कामानेच ठरते. पण ज्यांचे भागते, त्यांना मारिएन्थालचे वाचनालय नीट आठवायला हवे. ‘रिटायर झालो की भरपूर वाचणार’ असे म्हणणाऱ्या कितीजणांची पुस्तके प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरच आलेली नाहीत! वाचायला मोकळा वेळ पुरत नाही. त्यासाठी ठरलेली वेळ लागते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले होते. सुरुवातीला नवलाईचे दिवस, मग भ्रमनिरास, मग नव्याने मांडामांड आणि शेवटी स्थैर्य. आपल्याकडे नवलाईचे दिवस म्हणजे राहिलेली अष्टविनायक यात्रा, गावच्या घराची डागडुजी, ग्रॅच्युइटीची रक्कम कुठे ठेवायची याच्या बैठका आणि लेकीकडचा पंधरवडा. हे संपेपर्यंत दिवाळी येते. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या रांगेत पहिल्यांदा उभे राहिले, की भोवतालचे सगळे चेहरे पांढऱ्या केसांचे दिसतात आणि आपण आता या रांगेतले, हे मनात उतरते. खचायचे की मांडामांड करायची, याचा निर्णय बहुधा त्याच सुमारास होतो.

मांडामांडीची सुरुवात झोपेपासून करावी. वयाबरोबर शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे चारला डोळा उघडतो. यात आजार काही नाही. मात्र जेवणानंतरची वामकुक्षी वीस-पंचवीस मिनिटांची असते तोवरच ती वामकुक्षी. ती दोन तासांवर गेली, की रात्र तळमळत जाते, सकाळ उशिरा होते आणि सगळा दिवस विस्कटतो. ठरल्या वेळी उठणे आणि उठल्यावर उजेडात बाहेर पडणे, या दोन गोष्टींनी शरीराचे घड्याळ जागेवर राहते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्यात किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि त्याखेरीज तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. हा दुसरा भाग बहुतेकजण सोडून देतात. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला, की किती घरांची घडी विस्कटते ते पाहिले म्हणजे एका पायावर दहा-वीस सेकंद उभे राहण्याच्या सरावाचे मोल कळते. शेजारी धरायला भिंत मात्र हवी.

आता घरातल्या प्रश्नाकडे. त्याबद्दल मोकळेपणाने फार कमी बोलले जाते.

निवृत्त झालेला नवरा ज्या घरात येऊन बसतो, ते घर दिवसभर रिकामे नव्हते. तिथे एक वेळापत्रक आधीपासून चालू होते. सकाळची कामे उरकून, भांडी घासायला येणाऱ्या मावशी गेल्या, की अकराच्या सुमाराला गृहिणीला तासभर तिचा स्वतःचा मिळत असे. त्यात पेपर, बहिणीचा फोन, शेजारणीशी दोन शब्द, नाहीतर नुसते खिडकीत बसणे. आता नेमक्या त्याच वेळी बाहेरच्या खोलीतून तिसऱ्या चहाची हाक येते. फ्रिजमधल्या वाट्यांची मोजणी होते, कोथिंबीर किती रुपयांना आणली याची चौकशी होते. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. कचेरीत फायलींवर नजर ठेवायची सवय घरात येऊन स्वयंपाकघरावर बसते, इतकेच. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष जेमतेम २६. निवृत्तीनंतरच्या दिनचर्येत पहिली जागा या तफावतीला द्यायला हवी. दुपारचा चहा आपण करणे, भाजी आणून निवडून ठेवणे, कपड्यांच्या घड्या करणे ही कामे ‘मदत’ म्हणून न करता आपल्या वाट्याची म्हणून घेतली, तर दोघांचाही दिवस हलका होतो आणि निवृत्ताला त्याची चौकटही मिळते.

नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत अन्याय वेगळा आहे. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बाई ५८ किंवा ६० व्या वर्षी निवृत्त होतात, पण स्वयंपाकघरातून त्यांना कुणी निरोपाची शाल देत नाही. उलट ‘आता तू घरीच आहेस’ या चार शब्दांवर नातवंडे, पाहुणे, सणवार सगळे त्यांच्या अंगावर येते. नातवंडांचा सहवास हे मोठे सुख आहे. पण ते ठरल्या वेळेचे असावे, आणि संध्याकाळचा एक तास गाण्याचा वर्ग, भजनी मंडळ किंवा मैत्रिणींचा कट्टा यासाठी राखलेला असावा. मुलगा-सुनेने आपणहून तो राखून द्यावा.

घराबाहेरही ठिकाण हवे, आणि तिथे आपली वाट पाहणारे कुणी हवे. महाराष्ट्रात याची वाण नाही. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉम ही त्यांची राज्यव्यापी संस्था आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत लोखंडवालामधल्या एका बागेत पाचजणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आज बहुतेक मोठ्या बागांत सकाळी टाळ्यांचे आणि हसण्याचे आवाज ऐकू येतात. या गटांचे खरे बळ हजेरीत आहे. एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. मोबाइलवरच्या शंभर ‘सुप्रभात’ संदेशांनी ते होत नाही.

आणि काम? धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आज त्या वयात सरकारी नोकराच्या हाती नारळ देतात. गोविंद सखाराम सरदेसाई १९२५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन कामशेतला राहायला आले. त्यानंतर १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले, आणि मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत पुरा केला तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. ही माणसे मोठी होती हे खरेच. पण मोडी कागदांचे रुमाल सोडून वाचणे हे शेवटी रोज बसून, पानामागून पान करण्याचे काम आहे. ते त्यांना जमले कारण बसायची वेळ ठरलेली होती. सामान्य माणसाला ४५ खंड काढायचे नाहीत. सोसायटीचे हिशेब, शेजारच्या दोन मुलांचे गणित, गावच्या शाळेतली मोडकी प्रयोगशाळा, आईच्या तोंडच्या ओव्या लिहून काढणे, यांतले एखादे काम पुरे, पण त्याला वार आणि वेळ हवी. सगळा दिवस भरून टाकण्याची घाईही नको. सकाळी एक, दुपारी एक आणि संध्याकाळी एक, अशा तीन वेळा पक्क्या झाल्या की मधला वेळ आपोआप सुखाचा होतो.

सेवापुस्तक, ना-देय प्रमाणपत्र, पेन्शन केस यांची तयारी निवृत्तीआधी कितीतरी महिने सुरू होते. दिवसाची तयारीही तेव्हाच व्हायला हवी. येत्या ३१ मेला ज्यांचा निरोप समारंभ आहे, त्यांना एवढीच विनंती आहे: १ जूनला पावणेदहा वाजता कुठे जायचे, हे आधी ठरवा. काहीच सुचत नसेल, तर घराजवळच्या वाचनालयाची वर्गणी मे संपायच्या आत भरून टाका आणि त्या सकाळी दार उघडताना तिथे हजर राहा.