कपाट वाडीत, यादी तालुक्यात

लेखमाला : छोटे ग्रंथालय आणि संगणक (लेखांक ४)

मागच्या आठवड्यात दाखल नोंदवही नीट करून घ्या, असे सांगितले होते. ती झाली असेल तर आता सॉफ्टवेअरचे बोलू.

त्याचे नाव ‘कोहा’. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा ग्रामीण जिल्हा आहे. तिथल्या लेविन, फॉक्सटन, शॅनन या छोट्या गावांची ग्रंथालये एक न्यास चालवत असे. त्यांचे जुने सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच कोलमडणार होते आणि बाजारातले नवे त्यांच्या ऐपतीला साजेसे नव्हते. म्हणून १९९९मध्ये त्यांनी कातिपो या कंपनीकडून हवे तसे लिहून घेतले. शाखा टेलिफोनच्या साध्या लाइनवर जोडता याव्यात, ही त्यांची एक अट होती. जानेवारी २०००मध्ये काम सुरू झाले आणि पाठोपाठ त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. आज मोठमोठी विद्यापीठे कोहा वापरतात, म्हणून ते बड्यांचे प्रकरण आहे अशी आपल्याकडे समजूत दिसते. जन्म मात्र गावातल्या ग्रंथालयात झाला आहे.

फुकट आणि मुक्त या दोन गोष्टी वेगळ्या, हे इथेच सांगून टाकतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’ सरकारी ग्रंथालयांना पैसे न घेता मिळते, पण त्याचा कोड आपल्या हाती नसतो. शिवाय त्याची नवी आवृत्ती सरकारी क्लाउडवर चालते, म्हणजे इंटरनेट हवेच. कोहा ग्रंथालयातल्याच एका संगणकावर बसते, नेटवर्क नसले तरी त्याची देवघेव अडत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला मोबाइलची रेंज कशी येते-जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या फरकाची किंमत कळेल.

मग एखाद्या ठाकुरवाडीतल्या शाळेच्या कपाटासाठी कोहा बसवावे का? माझे स्पष्ट मत : नाही. तीन-चारशे पुस्तकांना लिबरऑफिसमधली एक साधी तक्तावही पुरते. एवढ्यासाठी लिनक्सचा सर्व्हर सांभाळत बसणे म्हणजे उगाच एका शिक्षकाला कामाला जुंपणे. कोहा शोभते ते तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात. पण त्यात एक सोय अशी आहे की वाडीलाही त्याचा फायदा व्हावा. कोहामध्ये एका ग्रंथालयाच्या कितीही शाखा नोंदवता येतात. प्रत्येक पुस्तकाची मूळ शाखा कोणती आणि ते आत्ता कुठे आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातात. म्हणजे वाडी ही शाखा. कर्जतहून पुस्तकांची पेटी वाडीत गेली की तशी नोंद करायची. वाडीत देवघेव वहीतच होऊ द्यावी. बाजारच्या दिवशी कुणी खाली उतरेल तेव्हा वही आणावी आणि नोंदी चढवाव्यात. यादी तालुक्यात, कपाट वाडीत. दोन-तीन महिन्यांनी पेट्या बदलल्या की मुलांना नवी पुस्तके मिळतात आणि कुठली पेटी कुठे अडकली, हेही कळते.

आता खरी मेहनत. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की कोहा दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतून तयार नोंद ओढून आणते. मराठीत तसे क्वचित होते. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या पुष्कळ नोंदी आहेत, पण त्यांतली नावे वर-खाली रेघा-टिंबे लावलेल्या रोमन लिपीत असतात. आपल्या सभासदाला त्यांचा उपयोग शून्य. तेव्हा नोंद आपणच देवनागरीत करायची.

ती करताना लेखकाच्या नावाचा घोळ होतो. एकाने ‘साने गुरुजी’ लिहिले, दुसऱ्याने ‘साने, पां. स.’, तिसऱ्याने बिंदूंनंतर जागाच सोडली नाही. संगणकाच्या लेखी ही तीन माणसे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांचेही तसेच. कोहात यावर प्रमाण नावांची वेगळी यादी ठेवता येते : एक नाव पक्के, बाकीची त्याकडे बोट दाखवणारी. ही यादी आधी करा. शंकर गणेश दात्यांनी मराठी ग्रंथसूचीचे खंड एकहाती रचले तेव्हा संगणक नव्हता. नाव कुठल्या रूपात धरायचे हा प्रश्न मात्र हाच होता.

अक्षरांचे दुखणे याहून छुपे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८मध्ये. त्याआधी, आणि अजूनही, बरेच जण ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवतात. ‘सुऱ्या’तला ‘र’ही दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर सारखेच दिसते, पण शोधात सापडत नाही. सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा, हा सोपा उपाय. आणि कोहा बसवणाऱ्याला शोधसूचीसाठी ‘आयसीयू’ हा पर्याय आठवणीने निवडायला सांगा. इंग्रजीसाठीची मूळ मांडणी तशीच ठेवली तर देवनागरी शोध नीट लागत नाही. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा.

यंत्राचे फार नाही. चार जीबी रॅमचा जुना संगणक छोट्या संग्रहाला पुरतो. खोपोलीच्या वीजघराने १९१५पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, पण त्याच डोंगराखाली पावसाळ्यात दिवे जातात, म्हणून यूपीएस घ्याच. कोहा माहितीची राखीव प्रत आपोआप काढते, मात्र ती त्याच संगणकात पडून राहते. ती दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी ठेवा.

सगळा संग्रह एकदम चढवू नका. शंभर पुस्तके चढवा, तुमच्या नेहमीच्या सभासदांना शोधायला बसवा आणि त्यांना काय सापडले नाही ते लिहून ठेवा. ती यादी हाती असू द्या, पुढच्या आठवड्यात बारकोड आणि सभासद-पत्रांकडे वळू.