मन भानावर आणा, चिंता आटोक्यात ठेवा

पेरणी झाली आहे आणि पावसाने दडी मारली आहे. सोसायटीचा हप्ता तोंडावर आला आहे. अशा दिवसांत तुम्ही रानातून घरी येता, पोराच्या हातून पाण्याचा तांब्या सांडतो आणि तुम्ही एकदम त्याच्या अंगावर धावून जाता. तांब्याभर पाण्यासाठी एवढा राग कशाला? तो राग सकाळपासून मनात साठलेला असतो. वड्याचे तेल वांग्यावर निघते, एवढेच. घरच्या बाईचेही तसेच होते. हात भाकरी थापत असतात, मन मुलीच्या फीच्या पैशांत अडकलेले असते आणि भाकरी तव्यावर करपते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चिंता कुणाला चुकलेली नाही. पण तिला आवर घालता येतो. कसा, ते पाहू.

चिंतेने शरीरात काय होते?

गवतात पायाखाली साप दिसला, तर छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, तोंडाला कोरड पडते. मूत्रपिंडावर असलेल्या लहान ग्रंथींतून रक्तात एक रस सुटतो आणि शरीर झुंजायला किंवा पळायला तयार होते. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले आहे. साप निघून गेला की थोड्या वेळाने शरीर आपोआप शांत होते.

कर्जाची चिंता मात्र निघून जात नाही. ती अंथरुणातही सोबत येते. शरीर रात्रंदिवस ताठलेलेच राहिले, तर झोप उडते, पित्त खवळते, मान-पाठ दुखते, रक्तदाब वाढू शकतो आणि चिडचिड तर होतेच.

भान म्हणजे काय?

हातात काम एक आणि डोक्यात विचार दुसरा, असे आपले बहुतेक वेळा चाललेले असते. आत्ता काय चालले आहे, अंगाला काय जाणवते आहे, मनात कोणता विचार आला आहे, हे चांगले-वाईट न ठरवता नुसते ओळखणे म्हणजे भान.

ही गोष्ट आपल्या देशात जुनीच आहे. बुद्धांच्या शिकवणीत पाली भाषेत तिला 'सती' म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरी येथे १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. अमेरिकेत डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली, औषधाने दुखणे हटत नाही अशा रोग्यांसाठी, हीच गोष्ट काही आठवड्यांच्या वर्गात शिकवायला सुरुवात केली. पुढे झालेल्या अभ्यासांत चिंता आणि उदासपणा यांत काही प्रमाणात उतार पडतो असे दिसले. ही जादू नव्हे. रोजच्या सवयीने मुरणारी गोष्ट आहे.

रोज करता येण्यासारखे

१) दहा श्वास मोजा. रात्रीच्या विजेची वाट पाहत विहिरीवर बसला असाल किंवा एसटीची वाट पाहत असाल, तेव्हा श्वास आत येतो, बाहेर जातो, याकडे लक्ष द्या. बाहेरचा श्वास थोडा सावकाश सोडा. तीन-चार श्वासांतच मन पळेल. गाय बांध ओलांडून शेजाऱ्याच्या पिकात शिरली, तर तुम्ही तिला वळवून आणता. तसेच मनाला न रागावता वळवून आणा. शंभर वेळा पळाले, तर शंभर वेळा वळवा. हे वळवणे हाच खरा सराव आहे.

२) रोजचे एक काम पूर्ण लक्ष देऊन करा. धार काढताना आचळाची ऊब हाताला लागते, धारेचा आवाज बादली भरत जाईल तसा बदलतो. भाकरी थापताना पिठाचा ओलावा तळव्याला कळतो. तेवढा वेळ लक्ष तिथेच ठेवा. कडबाकुट्टीत वैरण सारताना किंवा ट्रॅक्टर चालवताना तर हे हवेच. मन बाजारात आणि हात यंत्रात, हे धोक्याचे आहे.

३) चिंतेला नाव द्या. "मला हप्त्याची काळजी वाटते आहे, छाती जड झाली आहे," असे मनाशी म्हणा. मग विचारा, आज माझ्या हातून यात काही होईल का? बँकेत जाऊन मुदतीविषयी बोलता येईल, तर तो दिवस ठरवा. पाऊस पाडणे हाती नाही, तर मन पुन्हा कामाकडे वळवा.

४) घरात शिरण्यापूर्वी थांबा. रानातून आल्यावर तुम्ही पाय धुताच. तेव्हा पाण्याचा गारवा पायांना जाणवू द्या, तीन श्वास घ्या आणि मग उंबरठा ओलांडा. तांब्या सांडला तरी पोराला मार बसणार नाही.

एवढ्याने सगळे भागत नाही

भानाने कर्ज फिटत नाही की कांद्याचा भाव चढत नाही. पण ठिकाणावर असलेल्या डोक्याने हिशेब नीट होतो, हक्कासाठी नीट भांडता येते आणि दारूच्या गुत्त्याकडे पाय वळण्याआधी क्षणभर थांबता येते. डोळे मिटून बसल्याने कुणाला जास्तच घाबरे वाटले, तर त्याने बसू नये. हाताने करायच्या कामातच लक्ष घालावे.

दोन आठवड्यांहून अधिक झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन रमत नाही, असे झाले तर डॉक्टरांना दाखवा. ते दुखणे आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. घरातले कुणी "जीव नकोसा झाला" असे बोलले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐकून घ्या, त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

एकाच दिवशी सगळे जमणार नाही. आज संध्याकाळी पाय धुताना तीन श्वास घ्या, तेवढ्यापासून सुरुवात करा. आठ दिवसांनी घरच्यांनाच विचारा, काही फरक दिसतो का.