बॉम्ब टाकायच्या आधी बॉल उचलावा लागतो

मनिलातली 2025ची पुरुषांची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा आटोपली. इटलीने अंतिम सामन्यात बल्गेरियाला हरवलं, यजमान फिलिपिन्सने इजिप्तला 3-1 असं लोळवलं आणि इराणला पाचव्या सेटपर्यंत घाम फोडला, हे सगळं छापून आलंच आहे. त्या बातम्यांत एक गोष्ट मात्र निसटली. जपानच्या देखण्या खेळाडूंसाठी किंचाळायला मनिलाच्या पोरी हजारोंनी आल्या, इतर देशांच्या कितीतरी सामन्यांना खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल हा धर्म आहे आणि व्हॉलीबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बायकांचा खेळ येतो. डिसेंबर 2023मध्ये तिथल्या महिला लीगच्या अंतिम सामन्याला 24 हजारांवर प्रेक्षक होते. आपल्याकडे कुठल्या महिला सामन्याला एवढी गर्दी होते, ते आठवून पाहा.

म्हणून आजचा लेख तिथली व्हॉलीबॉलपटू मिकाएला बेलेन हिच्यावर. तिकडे तिला सगळे ‘बेला’ म्हणतात. जन्म 2002चा. शाळा आणि कॉलेज दोन्ही मनिलाच्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या छत्राखाली. कोविडने दोन हंगाम खाल्ल्यावर 2022मध्ये आंतरविद्यापीठ स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा ही पोरगी पहिल्यांदाच मोठ्या गटात उतरली. तिच्या संघाने 16 पैकी 16 सामने जिंकले. विद्यापीठाने हे विजेतेपद त्याआधी 1957मध्ये मिळवलं होतं, म्हणजे 65 वर्षांचा उपास सुटला. पहिल्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरलेली ती या स्पर्धेतली पहिली मुलगी. पुढच्या वर्षी ला साल विद्यापीठाच्या एंजल कॅनिनोने हाच पराक्रम करून दाखवला आणि करंडकही हिसकावला. बेलेनने 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षं परत आपल्या नावावर केली. आता या दोघी राष्ट्रीय संघात एकत्र खेळतात.

पुरस्कारांची यादी इथेच थांबवतो, कारण मला बोलायचंय ते तिच्या हातांबद्दल.

बेलेनची उंची साधारण पाच फूट सात इंच. जागतिक व्हॉलीबॉलमध्ये स्पाइक मारणाऱ्या मुली सर्रास सहा फुटांच्या वर असतात. मग हिचं नाणं वाजतं कशावर? समोरून फ्लोट सर्व्हिस येते तेव्हा तिच्याकडे बघा. त्या सर्व्हिसमध्ये बॉलला फिरकी नसते, त्यामुळे तो हवेत डुलत येतो आणि शेवटच्या क्षणी कुठे झुकेल, याचा नेम नसतो. बेलेन पाय पसरून वाकते, दोन्ही मनगटं जुळवते आणि बॉल नेटजवळच्या सेटरच्या डोक्यावर अलगद ठेवते. तो हातावरून सुटला की लगेच तीन-चार पावलं धावत तिला स्वतःच उडी मारायची असते. आधी मोलकरणीचं काम, मग मालकिणीचं, आणि मध्ये श्वास घ्यायला जेमतेम दोन सेकंद. कॅमेरा आणि टाळ्या दुसऱ्या कामाला. प्रतिस्पर्धी मात्र मुद्दाम तिच्यावरच सर्व्हिस करतात, कारण ती वाकून बॉल उचलण्यात अडकली तर हल्ल्यातून वजा होते.

गंमत म्हणजे टाळ्या मिळवणारा तो स्पाइकचा फटकासुद्धा फिलिपिन्सचाच. अमेरिकी वायएमसीएवाल्यांनी 1910च्या सुमारास हा खेळ तिथे नेला. एकाने बॉल उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने तो खाली हाणायचा, ही जोडी 1916मध्ये तिथेच जमली. त्या फटक्याला ते ‘बॉम्बा’ म्हणायचे. आपल्या गावच्या मैदानावर पोरं ज्या स्मॅशवर जीव टाकतात, त्याचं माहेर हे.

2025च्या जूनमध्ये तिथल्या व्यावसायिक महिला लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी, झाला. तिथले संघ म्हणजे जाहिरातींचे फलक: कुणी आइस्क्रीमचा, कुणी गॅसचा, कुणी कॉफीचा. पहिली निवड करायचा हक्क चिठ्ठीत कॅपिटल वनला मिळाला. हा सौरऊर्जा कंपनीचा, तेव्हा मिसरूड न फुटलेला संघ. त्यांनी अर्थातच बेलेनला उचललं. दुबळ्या संघांनाही चांगली खेळाडू मिळावी म्हणून ही चिठ्ठी, हे मान्य. तरी देशातल्या सर्वोत्तम मुलीने कुठे खेळायचं ते चिठ्ठीने ठरवावं, हे काही माझ्या गळी उतरत नाही. आयपीएलच्या लिलावात निदान भाव तरी लागतो.

शाळेपासून तिच्या जोडीने खेळलेली अलिसा सोलोमन जपानला, ओसाका मार्व्हलसकडे गेली. मग बेलेनच का थांबली, असा सूर चाहत्यांमध्ये उमटतो. मला त्यात बाजाराचं गणित दिसतं. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, आणि त्या जागांवर क्लब उंच, मारणारी मुलगी आणतो. सोलोमन ‘ऑपोझिट’ खेळते. त्या जागेवरच्या खेळाडूला सर्व्हिस घेण्यातून बहुतेक मोकळीक असते. बॉल नीट उचलून देणाऱ्या मुली जपानकडे पोत्याने आहेत. त्या घरच्या असताना बाहेरून कोण मागवणार?

त्याच जून महिन्यात हनोईला आशियाई देशांचा एव्हीसी नेशन्स कप झाला. फिलिपिन्सच्या मुली अंतिम फेरीत व्हिएतनामकडून हरल्या आणि रौप्यपदक घेऊन परतल्या. त्या संघात बेलेन होती, सोलोमन होती, कॅनिनोही होती. ओसाकात सोलोमनच्या वाट्याला डोक्यावर येणारा बॉल हाणणं आलं. बेलेन मनिलातच राहिली, गुडघे वाकवून, पहिल्या सर्व्हिसची वाट बघत.