विश्लेषण : हत्तीरोगाचा भार मोजायचा कसा? रक्तात जंतू नाहीत, तरी पाय सुजलेलाच का?

राज्यातील 18 जिल्हे हत्तीरोगप्रवण मानले जातात. त्यात मराठवाड्यातील नांदेड, लातूर आणि धाराशिव आहेत. परभणीचे नाव नाही. पण पूर्णा तालुक्याची हद्द ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. नोकरी, बाजार, सोयरिक अशा कारणांनी दोन्हीकडची माणसे रोज ये-जा करतात. नांदेडच्या गावातून लग्न होऊन परभणीत आलेल्या बाईचा पाय सुजू लागला, तर ती कोणत्या आकड्यात दिसेल? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हा आजार मोजतात कसा, ते आधी पाहावे लागेल.

सध्या काय मोजले जाते?

हत्तीरोगाचे जंतू क्युलेक्स डासामार्फत पसरतात. हा डास तुंबलेल्या गटारात आणि उघड्या शौचटाकीत वाढतो. मोठे जंतू लसिकावाहिन्यांत अनेक वर्षे राहतात. त्यांची सूक्ष्म पिले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, मुख्यतः रात्री रक्तात उतरतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर घरोघरी जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. तपासलेल्या शंभरांत किती जणांच्या रक्तात जंतू सापडले, तो मायक्रोफायलेरिया दर. तो 1 टक्क्याच्या खाली आला की पुढच्या चाचण्या होतात, सहा-सात वर्षांच्या मुलांचे रक्त तपासले जाते आणि सगळे ठीक असेल तर गोळ्यांची सार्वत्रिक मोहीम थांबते. देशाने हत्तीरोग दूरीकरणासाठी 2027 चे लक्ष्य ठेवले आहे.

मग अडचण कुठे आहे?

हा दर रोगाचा प्रसार मोजतो, त्रास मोजत नाही. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या गोळ्या रक्तातील पिले मारतात. एकदा बिघडलेल्या लसिकावाहिन्या मात्र त्यांनी पूर्ववत होत नाहीत. पाय हत्तीसारखा झालेल्या अनेकांच्या रक्तात जंतू सापडतच नाहीत. म्हणजे रात्रीच्या तपासणीत ते 'निगेटिव्ह'. जिल्ह्याचा दर शून्यावर आला तरी हे रुग्ण पुढची वीस-तीस वर्षे तसेच जगणार. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट पक्की शिकलो होतो : सेन्सर चुकीच्या जागी बसवला, तर रीडिंग अचूक येते आणि उत्तर चुकते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना दूरीकरणाचा दाखला देताना दर कमी झाल्याचा पुरावा तर मागतेच, शिवाय पाय सुजलेले आणि अंडवृद्धीचे रुग्ण किती, त्यांची काळजी कोणत्या केंद्रात घेतली जाते, हेही विचारते. संघटनेच्या अंदाजानुसार जगात किमान 3 कोटी 60 लाख लोक अशा कायमच्या व्याधीसह जगत आहेत.

सूज मोजायची कशी?

सर्वात साधे साधन म्हणजे शिंप्याकडची टेप. घोट्याजवळ आणि पोटरीभोवती ठरावीक जागी माप घेतात. पाय पाण्याच्या भांड्यात बुडवून किती पाणी बाहेर सांडले ते मोजण्याचीही पद्धत आहे, आर्किमिडीजचेच तत्त्व. याशिवाय सात टप्प्यांची एक मोजपट्टी आहे. रात्रभर झोपल्यावर सूज उतरली तर पहिला टप्पा, उतरली नाही तर दुसरा. पुढे कातडीला घड्या पडतात, गाठी येतात. सातव्या टप्प्यात माणसाला स्वतःचे रोजचे विधीही एकट्याने करता येत नाहीत.

पण मोजणीला रुग्ण समोर तर यायला हवा. यादी बहुतेक ठिकाणी आशाताई करतात. बाईचा पाय साडीखाली झाकलेला असतो. पुरुष अंडवृद्धीबद्दल आशाताईंशी बोलत नाहीत. काही जण तर घरातही बोलत नाहीत. त्यामुळे यादीतला आकडा हा निदान इतके तरी रुग्ण आहेत, असाच वाचावा.

आकड्यात न मावणारे काय?

आजारांची तुलना करण्यासाठी 'डॅली' हे एकक वापरतात : अकाली मृत्यूने गेलेली वर्षे, अधिक आजारपणात काढलेल्या वर्षांचे वजन. हत्तीरोगाने सहसा मृत्यू येत नाही, म्हणून इथे सगळी मदार वजनावर. जागतिक रोगभार अभ्यासात सुजलेल्या पायाचे वजन 0.109 धरले गेले. म्हणजे तीस वर्षे असा पाय ओढणाऱ्या बाईचे नुकसान 3.27 वर्षे. कागदावर ते किरकोळ दिसते.

आता तिचे वर्ष पाहा. बोटांच्या बेचक्यातील भेगांतून जिवाणू आत शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. समजा वर्षात असे चार झटके आले आणि प्रत्येकी पाच दिवस गेले, तर वीस दिवसांची मजुरी बुडाली. तीही कापूस वेचणीच्या दिवसांत बुडाली तर वर्षाचे गणितच कोलमडते. शिवाय लोकांच्या नजरा आणि अडलेली लग्ने आहेतच. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने रुग्णांच्या नैराश्याचा भार वेगळा मोजला. तो सुमारे 50.9 लाख डॅली निघाला. हत्तीरोगाचा तोवरचा अधिकृत भार होता 27.8 लाख. मन मोजल्याबरोबर आकडा जवळपास तिप्पट झाला!

दिव्यांग प्रमाणपत्राचे काय?

2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत हत्तीरोगाचे नाव नाही. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

परभणीत पाय सुजला तर?

प्रत्येक सूज हत्तीरोगाची नसते. हृदय, मूत्रपिंडाचे आजार किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरही सूज येते. त्यामुळे आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे आणि पूर्वी कोणत्या गावात राहत होतो ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. यादीबाहेरच्या जिल्ह्यात ही शंका सहज कुणाच्या मनात येत नाही. निदान झाल्यास नाव नोंदवले का, हे विचारावे. अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होते. पायासाठी रोज साबण-पाण्याने धुणे, बोटांच्या मधली जागा कोरडी करणे, भेगांना मलम लावणे आणि बसताना पाय उंचावर ठेवणे, एवढ्याने तापाचे झटके बरेच कमी होतात. टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम एवढेच सामान त्याला लागते.