तारीख नजरेसमोर असावी
मोबाईलच्या दर्शनी पडद्यावर दिनदर्शिका कशी ठेवावी व तिचा शेतीकामी उपयोग कसा करावा

शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका हे केवळ तारीख पाहण्याचे साधन नसते. दुधाचा हिशेब, गाय भरविल्याचा दिवस, सोसायटीच्या कर्जाची मुदत अशा कितीतरी नोंदी तिच्या चौकटींत केलेल्या आढळतात. येता-जाता तिच्यावर सहज नजर पडते, हाच तिचा मोठा गुण होय. आता पुष्कळ घरांत स्मार्टफोन आला आहे व त्यातही दिनदर्शिका असते. परंतु ती इतर चिन्हांच्या गर्दीत दडलेली असल्यामुळे मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाही. परिणामी, नोंद केलेली असूनही कामाचा दिवस निघून जातो. ही दिनदर्शिका फोनच्या दर्शनी पडद्यावर, म्हणजेच होम स्क्रीनवर, कायम मांडून ठेवल्यास ही उणीव दूर होते.

विजेट म्हणजे काय?

फोनमधील एखाद्या ॲपची माहिती ते ॲप न उघडता दर्शनी पडद्यावरच दाखविणाऱ्या चौकटीस विजेट असे म्हणतात. अँड्रॉइड फोनवर ही सोय २००९ पासून सर्वांस खुली झाली. आयफोनच्या दर्शनी पडद्यावर ती २०२० साली आली. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. एकदा केलेल्या नोंदी फोनमध्ये साठविलेल्या असल्यामुळे शिवारात इंटरनेट नसले तरीही त्या दिसतात.

अँड्रॉइड फोनवर करावयाची कृती

१. फोनमध्ये कॅलेंडर हे ॲप आहे की नाही ते पाहावे. नसल्यास प्ले स्टोअरवरून गूगल कॅलेंडर घ्यावे.

२. दर्शनी पडद्यावरील मोकळ्या जागेवर बोट टेकवून क्षणभर तसेच दाबून धरावे. चिन्हावर बोट ठेवू नये.

३. पडद्यावर काही पर्याय दिसू लागतील. त्यांपैकी ‘विजेट’ हा निवडावा.

४. ॲपची यादी येईल. तीत कॅलेंडर शोधावे. गूगल कॅलेंडरमध्ये प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात : एकात संपूर्ण महिना दिसतो, तर दुसऱ्यात पुढील कामांची यादी दिसते. शेतीकामासाठी यादीचा प्रकार अधिक सोयीचा, कारण त्यात कामाचे नाव स्पष्ट वाचता येते.

५. हव्या त्या प्रकारावर बोट दाबून धरावे, ते तसेच ओढत मोकळ्या जागी आणावे व सोडावे. काही फोनवर त्याऐवजी ‘ॲड’ हे बटण दाबावे लागते.

६. चौकट लहान वाटल्यास तिच्यावर बोट दाबून धरून सोडावे. कडांवर ठिपके दिसतील. ते ओढले असता चौकट मोठी होते.

टॅब्लेटवरही हीच रीत आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनवर शब्दांत थोडा फरक आढळेल. कृतीचा क्रम मात्र बहुधा हाच राहतो.

आयफोन अथवा आयपॅड असल्यास मोकळ्या जागेवर बोट दाबून धरावे. चिन्हे हलू लागताच वरच्या बाजूस ‘एडिट’ किंवा अधिकाचे चिन्ह दिसते. ते दाबून विजेट जोडण्याचा पर्याय निवडावा, कॅलेंडर शोधावे, आकार ठरवावा आणि शेवटी ‘डन’ दाबावे.

नोंदीतच खरा लाभ

रिकामी दिनदर्शिका कितीही ठळक दिसली तरी तिचा उपयोग नाही. शेतीतील बहुतेक महत्त्वाच्या तारखा या कोणत्यातरी घडलेल्या कामापासून मोजावयाच्या असतात. म्हणून काम घडले त्याच दिवशी पुढील तारखांची नोंद करणे अगत्याचे आहे.

गाईचे उदाहरण घेऊ. गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज सामान्यतः १२ ते १८ तासच टिकतो. समजा, १० जून रोजी कृत्रिम रेतन करून घेतले. ती गाभण न राहिल्यास १ जुलैच्या सुमारास पुन्हा माज दाखवील. तो माज नजरेतून सुटला तर आणखी तीन आठवडे वाया जातात. तेवढे दिवस चारा-खुराकाचा खर्च चालूच राहतो व पुढील वेत लांबते. म्हणून त्याच दिवशी फोनमध्ये पुढील चार नोंदी कराव्यात :

२९ जून ते ३ जुलै — गाय उलटते काय, सकाळ-संध्याकाळ पाहणे.

८ सप्टेंबर — पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी.

१६ जानेवारी — गाय आटविणे. विण्यापूर्वीची दोन महिन्यांची विश्रांती.

१७ मार्च — विण्याची अपेक्षित तारीख.

ही गणना गाईच्या सुमारे २८० दिवसांच्या गर्भकाळावर आधारलेली आहे. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असल्याने तिची तारीख १६ एप्रिलच्या आसपास येईल. शेळी सुमारे १५० दिवसांनी विते. प्रत्यक्ष विणे काही दिवस मागेपुढे होऊ शकते. तेव्हा तारखेच्या आठवडाभर आधीपासूनच जनावरावर लक्ष ठेवावे.

नोंद करताना कॅलेंडरमधील अधिकाच्या चिन्हावर बोट टेकवावे, कामाचे नाव मराठीत लिहावे, तारीख व वेळ ठरवावी आणि ‘सेव्ह’ करावे. ‘चंद्री – गर्भतपासणी’ असे जनावराच्या नावासह लिहिल्यास घोटाळा होत नाही. सकाळी सातसारखी ठराविक वेळ दिल्यास त्या वेळी फोन सूचनाही देतो. ज्या कामासाठी आधी तयारी लागते, त्याची सूचना एक-दोन दिवस अगोदर मिळेल अशी व्यवस्था करावी.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा

काही कामे ठराविक काळाने परत येतात. घटसर्प व फऱ्या या रोगांवरील लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावयाची असते. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांच्या अंतराने वर्षातून दोनदा देतात. अशा कामाची नोंद एकदाच करून ‘रिपीट’ या पर्यायात सहा महिने किंवा एक वर्ष असे अंतर द्यावे. लसीकरणाचा नेमका दिवस मात्र पशुवैद्यकीय दवाखान्याकडून विचारून घ्यावा.

पावसाची नक्षत्रेही अशीच नोंदता येतात. ती सूर्याच्या गतीवर आधारलेली असल्यामुळे इंग्रजी तारखेप्रमाणे दरवर्षी जवळजवळ त्याच दिवशी लागतात : मृग ७ किंवा ८ जूनच्या सुमारास, तर आर्द्रा २१ किंवा २२ जूनच्या सुमारास. पोळा, दिवाळी, अक्षय्य तृतीया हे सण चांद्र तिथीवर अवलंबून असल्यामुळे त्यांची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. त्यांना वार्षिक ‘रिपीट’ लावल्यास पुढील वर्षी चुकीचा दिवस दिसेल. म्हणून त्या नोंदी दरसाल पंचांग पाहून नव्याने कराव्यात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोनवर ‘मृग’ दिसला म्हणजे पेरणी करावी असा त्याचा अर्थ नव्हे. कोरडवाहू क्षेत्रात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरणी करावी, ही कृषी विभागाची शिफारस कायम आहे. नक्षत्राची नोंद बी-बियाणे व अवजारे तयार ठेवण्याची आठवण म्हणूनच उपयोगात आणावी.

फवारणीच्या दिवशीही एक नोंद अवश्य करावी. औषधाच्या वेष्टनावरील माहितीत शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस काढणी करू नये हे दिलेले असते. तेवढे दिवस मोजून ‘यापूर्वी तोडणी नको’ असे त्या तारखेस लिहावे. घरातील दुसऱ्या कोणी भाजी तोडावयास जाण्यापूर्वी ही सूचना पाहिली, तर खाणाऱ्याच्या आरोग्यास होणारा अपाय टळेल.

घ्यावयाची काळजी

फोन हरवला किंवा बदलला तरी नोंदी टिकाव्यात म्हणून त्या गूगल खात्याशी जोडलेल्या कॅलेंडरमध्ये कराव्यात. केवळ फोनपुरत्या नोंदी फोनबरोबरच जातात. खात्याचा पासवर्ड घरी सुरक्षित लिहून ठेवावा. सूचना येत नसल्यास फोनच्या सेटिंगमध्ये कॅलेंडरला सूचना देण्याची परवानगी आहे काय ते तपासावे. बँकेचा पिन किंवा तत्सम गुप्त माहिती कॅलेंडरमध्ये कधीही लिहू नये, कारण दर्शनी पडदा कोणाच्याही नजरेस पडतो.

पीकविमा व शासकीय योजनांच्या अंतिम तारखा दरवर्षी जाहीर होतात आणि काही वेळा बदलतात. त्या गेल्या वर्षावरून गृहीत न धरता खात्री करूनच लिहाव्यात व सूचना अंतिम दिवसाच्या आठवडाभर आधी ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावातील कार्यकर्त्यांनी ही कृती प्रथम स्वतःच्या फोनवर करून पाहावी आणि मग बैठकीत पाच-सहा जणांच्या लहान गटास शिकवावी. शिकविताना फोन शेतकऱ्याच्याच हाती राहू द्यावा. दुसऱ्याने मांडून दिलेले विजेट चुकून निघून गेल्यास ते परत लावता येत नाही. जनावरांची देखभाल पुष्कळ घरांत स्त्रियाच करीत असल्यामुळे त्यांच्या फोनवर विजेट असणे अधिक जरुरीचे आहे. ज्या घरी स्मार्टफोन नाही, तेथे ह्याच तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून द्याव्यात.

प्रत्येक शेतकरी कुटुंबाने आज निदान एक नोंद करावी : गोठ्यातील गाभण जनावराच्या विण्याची, अथवा येत्या लसीकरणाची. उद्या सकाळी फोन हाती घेताच ती नोंद समोर दिसेल आणि कामाची तयारी वेळेवर सुरू करता येईल.